रक्तातला क्लोरोफॉर्म आणि न मेलेला महिषासुर

दवाखान्यात रोज दोन गोष्टी साचतात: बोळे आणि किस्से. बोळे संध्याकाळी परसात नेऊन जाळता येतात. किस्स्यांचं काय करायचं? एक सांगायला घ्यावा तर त्याच्या पोटातून दुसरा निघतो. त्यातून आमच्या जव्हारातले सगळे किस्से वडीलधाऱ्यांचे! त्यांच्यासमोर हसायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, फक्त मान हलवायची. मग ते पोटात राहतात आणि आंबतात. आज तुमच्यापुढे सांडून मोकळा होतो.

मुंबईचे मित्र विचारतात, "डॉक्टरी अर्धी टाकून त्या संस्थानात काय करतोस रे?" काय करणार! काका डॉक्टर. मी त्यांचा कंपौंडर, ड्रेसर आणि शिव्या खायला हक्काचा पुतण्या. कॉलेज का सोडलं म्हणाल, तर प्रोफेसर म्हणाले, "प्रश्न विचारू नकोस, लिहून घे." मी दोन्ही सोडलं! जव्हारला आलो तर इथे लिहूनही घ्यायचं नसतं. नुसतं ऐकायचं!

* * *

काकांच्या कपाटात क्लोरोफॉर्मची एक निळी बाटली असते. कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली जानव्याला. तरी काकांना रोज सकाळी संशय येतो, की रात्रीतून कुणीतरी औषध चोरलं. मग ते बाटली काढतात, काचेचं बूच उघडतात, डोळे मिटून लांब वास घेतात आणि म्हणतात, "हं! आहे."

त्यानंतर तासभर काकांचा स्वभाव फार चांगला असतो. पेशंटला "या बसा" म्हणतात!

बाटली मात्र कमी कमी होत जाते. एकदा माझ्यावर आळ आला. मी म्हटलं, "काका, तुम्ही रोज बूच उघडता, म्हणून औषध उडतं."

"उडतं? त्याला काय पंख आहेत?"

"अहो, वाफ होते त्याची!"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू कॉलेज सोडलंस ना?"

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. आमच्याकडे कुठल्याही वादाचा शेवट याच वाक्याने होतो.

* * *

हेच काका पेशंटच्या बाबतीत भलते कंजूष. गळू फोडायचं असलं तरी बाटलीचा नुसता वास दाखवतात. पेशंट असा ओरडतो की बाजारातली माणसं माना वळवतात. पण ढेकूण दिसू द्या! काकांचा हात एकदम सढळ! बाकाच्या फटीत क्लोरोफॉर्म, पुस्तकांच्या कसरीला क्लोरोफॉर्म. एकदा संस्थानच्या नानासाहेब कारभाऱ्यांची खुर्ची क्लोरोफॉर्मने धुतली आणि नानासाहेब तिच्यावर बसून भर कचेरीत दुपारपर्यंत झोपले. तसे ते रोजच झोपतात, म्हणून कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

मी विचारलं, "माणसाला थेंबभर आणि ढेकणाला वाटीभर, हा कुठला न्याय?"

काका शांतपणे म्हणाले, "पेशंट उठल्यावर तक्रार करतो. ढेकूण करत नाही."

* * *

आता मुख्य भानगड. त्यासाठी आधी बोहाडा काय असतो ते सांगायला हवं. उन्हाळ्यात आमच्याकडे मोखाड्याच्या बाजूला गावोगाव देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून सोंगं नाचवतात. कोणतं सोंग कोणत्या घरानं घ्यायचं, ते पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. त्याला मान म्हणतात. शेवटच्या दिवशी उजाडताना जगदंबा निघते. संबळ वाजत असतो. समोर शिंगांचा महिषासुर. तिनं त्याला मारलं की बोहाडा संपला आणि गाव शेताच्या कामाला मोकळं झालं.

सूर्यमाळच्या उतरणीवरच्या एका गावात जगदंबेचा मान नवसूच्या घराचा. महिषासुर धर्माच्या घराचा. त्या वर्षी नानासाहेब पाहुणे म्हणून गेले, त्यांच्याबरोबर काका, आणि काकांची बॅग उचलायला मी.

देवी निघाली. नवसू बाकी दिवस नाचणी पेरणारा, काटकुळा, लाजरा माणूस. पण मुखवटा चढला की तो वेगळाच होतो, अंगावर काटा येतो. पाच-पंचवीस पावलं नाचला असेल. मग एकदम देवीची मान कलली, गुडघे वळले, आणि जगदंबा आडवी झाली!

संबळ थांबला. राक्षस मात्र उभा!

धर्मा बिचारा इकडे बघतोय, तिकडे बघतोय. शिंगं सांभाळत तो नानासाहेबांपाशी आला आणि मुखवट्यातूनच विचारलं, "सायेब, आता मी मरू कसा?"

नानासाहेब म्हणाले, "तूर्त थांब."

कारभाऱ्यांचा हुकूम म्हणजे हुकूम! महिषासुर त्या दिवसापासून थांबला.

* * *

नवसूच्या तोंडावर पाणी मारलं, तो उठून बसला. गावचा पाटील तयारच होता. त्याला जगदंबेचा मान कधीचा आपल्या पुतण्याला हवा होता. म्हणाला, "ताडी प्याला. देवीला बाटवली. यंदापासून मान काढा याच्या घरातून."

नवसू म्हणाला, "थेंब नाय घेतला, सायेब. उपास व्हता. मुखवट्यात गोड वास आला नि डोका फिरला. मंग कायच म्हाईत नाय."

गोड वास! माझे कान टवकारले. आम्हा दवाखान्यातल्या माणसांना गोड वास आणि आडवा माणूस म्हटलं की एकच गोष्ट आठवते. मी मुखवटा उलटा केला, तर कपाळाच्या खोबणीत कापसाचा ओलसर बोळा! मी ओरडलो, "हा क्लोरोफॉर्म आहे! कुणीतरी मुद्दाम घातलाय! रक्तात सापडतो तो. टेस्ट आहे त्याची!"

कॉलेजात जेवढा टिकलो तेवढ्यात ही एक टेस्ट मी मन लावून शिकलो होतो. रक्त तापवायचं, निघेल ती वाफ धरायची, तिच्यात कॉस्टिक आणि ॲनिलिनचा थेंब घालून पुन्हा तापवायचं. क्लोरोफॉर्म असेल तर असा भयंकर वास सुटतो की माणूस खोली सोडून पळतो. नसेल तर काही नाही. इतकं सरळ!

नानासाहेबांना हे विलायती प्रकरण फार आवडलं. त्यांनी सगळ्यांसमक्ष निवाडा बांधून टाकला. रक्तात औषध सापडलं तर नवसूशी कपट झालं, मान त्याच्याच घरात राहील. नाही सापडलं तर मान पाटलाच्या घरात जाईल.

नवसू एवढंच म्हणाला, "आमच्या घराला दुसरा नाव नाय, सायेब. देवीचा घर म्हणतात. ता गेला तं काय म्हणतील?"

काकांनी पिचकारी काढली, नवसूच्या दंडातून रक्त ओढलं, आणि हात मागे करून म्हणाले, "कापूस!"

मी बोळा पुढे धरला. पुरावा दाखवायला हो! "काका, हा बघा, मुखवट्यात सापडलेला..."

"छान! कापूस होताच!" असं म्हणून काकांनी तो नवसूच्या दंडावर दाबला, रक्त पुसलं आणि चुलीत फेकून दिला.

* * *

टेस्ट जव्हारला व्हायची होती. मी म्हटलं, नुसतं नवसूचं रक्त पुरणार नाही. ज्यानं औषध हुंगलेलं नाही अशा माणसाचंही हवं, म्हणजे फरक कळेल. असा माणूस कोण? नानासाहेबांनी सभोवार नजर फिरवली. समोर महिषासुर थांबलेला!

धर्माचा हात धरला तसा तो कळवळला. "अजून मारला नाय मना, नि रगत आधीच काढता?"

काकांनी काढलंच. दोन बाटल्या झाल्या. आता त्या न्यायच्या कशा? नानासाहेबांनी आज्ञा केली, "न्यायाची वस्तू आहे. कुलपात पाहिजे." कुलपाची पेटी एकच होती, काकांच्या औषधांची. तिच्यात आधीच निळी बाटली, बूच सैल झालेलं! मी जीव तोडून सांगितलं, "अहो, क्लोरोफॉर्म शोधायचंय ते रक्त क्लोरोफॉर्मशेजारी ठेवू नका हो!"

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. काका, नानासाहेब आणि पाटील. तिघांचे चेहरे सारखेच. पाटील मला पहिल्यांदाच भेटत होता, पण तोही म्हणाला, "ह्यानं कालेज सोडलंय ना?"

मोखाड्यापासून जव्हारपर्यंत वैशाखाच्या उन्हात पेटी बैलांच्या डमणीत खडखडत आली. वर नानासाहेब बसले होते, न्याय सांडू नये म्हणून.

* * *

टेस्टच्या दिवशी काकांच्या दवाखान्याच्या ओसरीवर पंच बसले: नानासाहेब, काका आणि पाटील. नवसू आणि धर्मा अंगणात. ॲनिलिनची एक जुनी बाटली काकांच्या कपाटात निघाली. काका इतकी वर्षं ती शाई समजून जपत होते.

मी स्पिरिटचा दिवा लावला. आधी नवसूचं रक्त चंबूत घेऊन तापवलं. वाफ धरली, कॉस्टिक घातलं, थेंब टाकला, पुन्हा तापवलं. आणि मंडळी, जो वास सुटला! काय सांगू! जुनाट, कुबट, घशात बोट घालणारा. माझ्या डोळ्यांतून पाणी. अंगणातली कोंबडी कुडाच्या पलीकडे. नानासाहेबांच्या डमणीचा बैल दावं तोडून खाली बाजाराकडे पळाला!

मला इतका आनंद झाला! टेस्ट जमली! नवसूचा मान वाचला! मी वळून विचारलं, "काय? आला ना वास?"

तिघे शांत बसलेले. नानासाहेबांनी कमरेची डबी काढली, चिमूटभर तपकीर नाकात भरली, डबी काकांकडे दिली. काकांनी भरली, पाटलाकडे दिली. पाटलानं भरली. मग नानासाहेब सावकाश म्हणाले, "कसला वास?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिघांच्याही नाकात आयुष्यभराची तपकीर! त्या नाकांना वास येणं बंद होऊन जमाना झाला होता. आणि संस्थानात नाकावर चालणारी पहिली टेस्ट नेमकी याच नाकांपुढे!

"अहो, बैल पळाला!" मी म्हटलं.

"बैलाची साक्ष धरता येत नाही," नानासाहेब म्हणाले.

"मग माझी धरा. मला येतोय वास!"

"साक्ष पंचांच्या नाकाची. शिक्षण पुरं न केलेल्या माणसाचं नाक कसं धरायचं?"

दात खाऊन मी दुसरं रक्त तापवलं, धर्माचं. ते स्वच्छ निघेल, फरक तरी दिसेल. थेंब टाकला आणि तोच वास! तितकाच! सैल बुचाच्या शेजारी उन्हातून आलेलं रक्त, दुसरं काय होणार? की पहिल्याचाच वास ओसरीवर भरून राहिला होता? खरं सांगतो, मलाही कळेना. पंचांच्या नाकाला दोन्हीत वास नाही, माझ्या नाकाला दोन्हीत आहे. टेस्ट अगदी बरोबर आणि निकाल काहीच नाही!

अंगणातून नवसू मला विचारत होता, "सापडला का, बापू?"

मी दिवा विझवला. सापडलं काय? कपाळ?

* * *

सगळे घोटाळ्यात पडले. नानासाहेब म्हणाले, "औषध तुमच्याच दवाखान्यातलं असणार, डॉक्टर. त्या गावात ते आणलं कोणी?"

काका उसळले. "माझी बाटली मी रोज सकाळी तपासतो! आणि देवीच्या कामात मी हयगय करीन? माझी भक्ती विचारता? अहो, सोंगाच्या आदल्या दुपारी देवळात दर्शनाला गेलो, तर मुखवट्यातून लाकडाचा भुसा गळतोय! भुंग्यानं पोखरलेला. कुणाचं लक्ष नाही. मी स्वतः बसून सगळी कीड मारली! मेणकापडात घट्ट गुंडाळून ठेवला, एक भुंगा जिवंत राहिला असेल तर दाखवा!"

मी हळूच विचारलं, "काका, कीड कशानं मारलीत?"

"कशानं म्हणजे? क्लोरोफॉर्मनं. चांगला बोळा भिजवून कपाळात बसवला."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. काकांना स्वतःला तरी काही वाटेल? छे! ते म्हणाले, "पण डोस किडीचा होता. माणसाचा नव्हे."

मी नानासाहेबांकडे वळलो. "ऐकलंत ना? संपलं की सगळं!"

नानासाहेबांनी हात वर केला. चेहरा त्रासलेला. "डॉक्टर, कृपा करून विषयांतर नको. क्लोरोफॉर्म कुणी वापरला, हे आपण शोधतोय."

* * *

शेवटी निवाडा झाला. म्हणजे त्यांच्या मते झाला. टेस्टमधून काही निष्पन्न होत नाही. पण महिषासुराला तसाच ठेवता येत नाही, गाव खोळंबलंय, पेरणीआधी शेतातले राब भाजायचे राहिलेत. तेव्हा बोहाडा पुरा करावा. महिषासुर ज्याच्या हातून मरेल, जगदंबेचा मान त्याचा. आणि पाटील वयानं आणि मानानं मोठे, म्हणून पहिली संधी त्यांच्या पुतण्याला!

मी म्हटलं, "हा न्याय नाही. पहिल्याच घावाला राक्षस मरतो, सोंगच तसं आहे. मग नवसूला संधी कुठली?"

पुढचं वाक्य तुम्हाला माहीत आहे. या वेळी ते नानासाहेबांनी म्हटलं.

परत जाताना डमणीच्या मागे नवसू आणि धर्मा बरोबर चालत होते. मी धर्माला विचारलं, "तू किती वर्षं मरतोयस रे?"

"बा गेला तवापासून," तो म्हणाला. "त्याच्या आधी बा मरायचा, नवसूच्या बाच्या हातनं. आजा त्याच्या आजाच्या हातनं."

नवसू मान खाली घालून चालत राहिला.

* * *

बोहाड्याची सकाळ झाली. मुखवटा मी स्वतः दोन दिवस उन्हात ठेवला होता. त्याला आता नुसत्या लाकडाचा वास होता. पाटलाच्या पुतण्यानं तो चढवला. पोरगा धष्टपुष्ट, लुगडं नवं, हातात लाकडी तलवार. संबळ सुरू झाला. पाटील मिशीवर हात फिरवत उभा. नवसू गर्दीच्या कडेला, मुखवट्याशिवाय, हात बांधून.

पुतण्या नाचत आला आणि त्यानं तलवार मारली. बरोबर मानेवर. खटकन् आवाज झाला.

महिषासुर उभा.

पोरानं पुन्हा मारली. महिषासुरानं वाकडं झालेलं शिंग सरळ केलं आणि पुन्हा उभा!

पाटील पुढे सरकून कुजबुजला, पण सगळ्या गावाला ऐकू आलं. "पड ना रं!"

मुखवट्यातून धर्माचा आवाज आला, अगदी नम्र. "मरण येत नाय, पाटील. काय करू?"

बायका पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. नानासाहेब खुर्चीतून म्हणाले, "जरा जोरानं मारून पाहा." पोरानं दोन्ही हातांनी तलवार उगारली आणि अशी हाणली की तिचे दोन तुकडे झाले. धर्मा हलला नाही. पोरगा धापा टाकत मुखवटा वर करून पाटलाकडे बघायला लागला. देवी घामाघूम, राक्षस ताजातवाना!

"दुसरा," नानासाहेब म्हणाले.

नवसू पुढे आला. त्याला मुखवटा द्यायचं कुणाला सुचलं नाही. तलवारीचे तुकडे मातीत पडलेले. त्याच्या अंगावर रोजची लंगोटी आणि खांद्यावर फडकं. तो धर्मासमोर उभा राहिला. संबळवाल्यानं एकदाच टिपरी मारली. नवसूनं उजवा हात वर नेला, रिकामा, बोटं किंचित वळलेली.

हात खाली आलाच नाही. त्याआधीच महिषासुराचे गुडघे वळले. धर्मा उताणा कोसळला, असा, की धूळ उडाली, एक शिंग मोडून लांब घरंगळलं आणि हातपाय चारी दिशांना पसरले. बोटसुद्धा हलेना. सगळं गाव खाली वाकलं. नानासाहेब उठून उभे राहिले. पाटलाच्या पुतण्यानं मुखवटा काढून नवसूच्या पायाशी ठेवला आणि तोही वाकला.

एकटे काका वाकले नाहीत. गर्दीतून वाट काढत ते धर्मापाशी गेले, त्याच्या डोळ्याची पापणी वर करून पाहिली, तोंडाशी नाक नेऊन लांब वास घेतला, आणि माझ्याकडे वळून ओरडले,

"बघत काय उभा राहिलास? पिचकारी आण! याचं रक्त तपासायला हवं!"